थंडी एक कापणी खाते, उन्हाळा तीन

संकरित नेपिअरचं कुठलंही माहितीपत्रक उचला, हिशेब एकाच साच्यातला असतो. ऑगस्टात एका कापणीला एकरी २५ टन हिरवं गवत, वर्षाला कापण्या आठ, म्हणजे एकरी २०० टन. ते कुजवून इतका जैववायू, इतके पैसे. गुणाकार बरोबर असतो. पण ऑगस्टचं गवत डिसेंबरात तसं वाढत नाही, आणि एप्रिलात विहिरीला ऑगस्टचं पाणी नसतं. मराठवाड्यात ऊर्जेसाठी बहुवार्षिक गवत लावायचं तर दोन गोष्टी आकड्यांत कळायला हव्यात: थंडीत हे गवत नेमकं काय करतं, आणि वर्षभराचा खरा उतारा किती बसतो.

आधी टन कोणता ते ठरवा

हिरव्या टनात बहुतेक पाणीच असतं. पावसाळ्यात ४० दिवसांच्या कोवळ्या नेपिअरमध्ये कोरडा पदार्थ १२ ते १५ टक्के, साठ-सत्तर दिवसांच्या गवतात २० टक्क्यांच्या आसपास. वायू असो, बॉयलर असो की पेलेट (दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या), ऊर्जा मिळते ती या कोरड्या पदार्थातून. म्हणून जगभर या गवतांचा उतारा हेक्टरी कोरड्या टनांत सांगतात. आपल्याकडे तो एकरी हिरव्या टनांत सांगतात, आणि बरीचशी फसगत तिथंच होते.

मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. रानात पाच-सहा ठिकाणचे ठोंब कापून कुट्टी करा, नीट कालवा आणि त्यातली १०० ग्रॅम काचेच्या ताटलीत पसरून मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. आत कोपऱ्यात पाण्याचा कप ठेवायला विसरू नका, नाहीतर शेवटी शेवटी गवत पेटतं. दोन-दोन मिनिटं तापवून दर वेळी वजन करा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की झालं. १८ ग्रॅम उरलं तर कोरडा पदार्थ १८ टक्के. दवात भिजलेलं गवत मात्र घेऊ नका, कारण पानावरचं पाणीही वजनात धरलं जातं.

आता २०० टनांचा ताळा करून पाहू. २० टक्के कोरड्या पदार्थानं ते एकरी ४० टन कोरडं गवत होतं. नेपिअरच्या उताऱ्याचे जे मोठे आकडे नोंदले गेले आहेत, त्यांत पोर्तो रिकोचा एक नेहमी सांगितला जातो: हेक्टरी सुमारे ८५ टन कोरडा पदार्थ, म्हणजे एकरी ३४ टन. तिथं उष्ण कटिबंधाचा भरपूर पाऊस होता आणि वर्षाला हेक्टरी ९०० किलोच्या आसपास नत्र दिलं होतं. माहितीपत्रकातलं एकर या आकड्यालाही मागं टाकतं.

दुसरा ताळा उन्हाचा. मराठवाड्यात एका चौरस मीटरवर वर्षभरात सुमारे ७ गिगाज्यूल सौरऊर्जा पडते. एकराला ती २८ हजार गिगाज्यूल होते. एक टन कोरड्या गवतात साधारण साडेसतरा गिगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे पडलेल्या उन्हातली एक टक्का ऊर्जा गवतात साठली तर एकरी १६ टन कोरडा पदार्थ मिळतो. ऊस, ज्वारी, मका, नेपिअर ही सगळी सी-४ पिकं. त्यांची कागदावरची कमाल क्षमता सुमारे ६ टक्के धरली जाते, पण रानात वर्षभराचा हिशेब केला तर एक टक्का जमला तरी ते चांगलं पीक. ४० टनांसाठी बाराही महिने, रोज, अडीच टक्के साधायला हवं. डिसेंबरात ते होत नाही. का, ते पाहू.

थंडीत आत काय होतं

थंडीचा त्रास तीन पायऱ्यांनी होतो, आणि बोलताना तिन्हींची गल्लत होते. पहिली पायरी वाढ मंदावण्याची, दुसरी पान बिघडण्याची, तिसरी मरण्याची.

उष्ण कटिबंधातल्या गवताची वाढ साधारण १० अंशांखाली थांबते. १५ अंशांच्या आत ती रेंगाळते, ३० च्या आसपास ती धावते. गवताचा वाढीचा कोंब पोंग्याच्या तळाशी, जमिनीलगत लपलेला असतो. त्यामुळं कापणीनंतरचे पहिले पंधरा-वीस दिवस हवेपेक्षा जमिनीच्या वरच्या थराचं तापमान महत्त्वाचं ठरतं. ओल धरून बसलेली काळी जमीन जानेवारीत सावकाश तापते. कापलेला ठोंब आठ-दहा दिवस जसाच्या तसा दिसला तर तो मेला असं समजून उकरू नका.

दुसरी पायरी सी-४ यंत्रणेची. या पिकांच्या पानात हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी पकडून, दाबून आतल्या पेशींकडं ढकलणारा एक पंपच असतो. उन्हाळ्यात, पाणी मोजकं असताना, हा पंप त्यांना सी-३ पिकांच्या, म्हणजे असा पंप नसलेल्या गव्हासारख्या पिकांच्या, पुढं नेतो. पण तो चालवणाऱ्या विकरांपैकी पीपीडीके नावाचं एक विकर थंडीला कच्चं आहे. त्याचे चार भाग एकमेकांना धरून असतात. पारा १०-१२ अंशांखाली गेला की ते सुटतात आणि काम थांबतं. चार मेढींचा मांडव, दोन मेढी काढल्यावर जसा बसतो तसं. मका १४ अंशांवर वाढवला तर त्याच्या पानांची अन्न बनवण्याची ताकद फार घटते. त्याच थंडीत मिसकॅन्थस नावाचं जपानी मूळ असलेलं गवत हे विकर जास्त प्रमाणात बनवतं आणि पान जवळपास पूर्ण ताकदीनं चालू ठेवतं. शास्त्रज्ञांना या गवताचं एवढं कौतुक आहे ते यासाठी.

आपल्याकडं यात आणखी एक गोम आहे. मराठवाड्याच्या हिवाळ्यात रात्र थंड असते, पण सकाळचं ऊन लख्ख असतं. सात-आठ वाजता पान अजून गार, पंप मंद, आणि वरून ऊन मात्र भरपूर. पानानं पकडलेला उजेड वापरला जात नाही आणि तीच ऊर्जा पानाची यंत्रणा जाळते. ढगाळ थंडीपेक्षा निरभ्र थंडीत पानं जास्त पिवळट-तांबूस दिसतात ती त्यामुळं. त्याला नत्राची कमतरता समजून युरिया टाकणारे बरेच आहेत. पैसा जातो आणि पान आहे तसंच राहतं.

पान बिघडण्यात आणखी एक गोष्ट पेशीच्या पडद्याची. हा पडदा चरबीचा असतो. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते, करडईचं तेल शेजारी ठेवलं तरी पातळच राहतं. फरक स्निग्धाम्लांचा आहे: करडईत असंतृप्त आम्लं जास्त, खोबरेलात संतृप्त. थंडीला सरावणारी गवतं गारवा हळूहळू वाढत गेला की आपल्या पडद्यात करडईच्या तेलासारखी स्निग्धाम्लं वाढवतात. न सरावणाऱ्यांचा पडदा खोबरेलासारखा ताठरतो आणि पेशीतले क्षार बाहेर झिरपतात. प्रयोगशाळेत थंडी सोसण्याची ताकद मोजण्याची एक साधी रीत यावरच उभी आहे. पानाच्या चकत्या गार करतात, मग शुद्ध पाण्यात बुडवून त्या पाण्याची वीजवाहकता मोजतात. क्षार जितके जास्त झिरपले तितकी वाहकता वाढते.

तिसरी पायरी मरणाची, आणि मरण येतं ते बर्फानं. पेशींच्या मधल्या पोकळीत आधी बर्फ धरतो, तो पेशीतलं पाणी ओढून घेतो, आणि पेशी चक्क सुकून मरते. मराठवाड्यात ही वेळ क्वचित येते. परभणीच्या कृषी विद्यापीठात काही हिवाळ्यांत ५ अंशांखालचे आकडे नोंदले गेले आहेत, पण ते हवेतले. ओढ्याकाठच्या सखल रानात गार हवा साचते, तिथं गवताच्या शेंड्यांवर आणखी कमी तापमान असू शकतं. सकाळी तिथल्या पानांची टोकं आधी पाण्यात भिजवल्यासारखी गडद, मग दोन दिवसांत फिकट तपकिरी होतात. वरच्या मुरमाड माळावर तेच वाण हिरवं असतं. जमिनीखालचा ठोंब मात्र दोन्हीकडं जिवंतच असतो, कारण आपली जमीन गोठत नाही.

गार देशांची अडचण वेगळी

तिथं जमीनच गोठते. म्हणून तिथल्या गवताचं सगळं भांडवल जमिनीखाली असतं. हे समजायला मराठवाड्यातल्या माणसाला युरोपात जायची गरज नाही. काळ्या रानातली कुंदा आठवा. वरचं कितीही कापा, नांगरा, उन्हाळाभर तापू द्या. खोल गेलेल्या कांड्यांत शिदोरी आहे तोवर मृगाच्या पावसावर ती पुन्हा फुटते. मिसकॅन्थसही असंच, फक्त त्याला उन्हाळ्याऐवजी बर्फ काढायचा असतो. शरद ऋतूत ते पानांतली साखर आणि नत्र खाली कांड्यांत ओढून घेतं, वरचं खोड वाळू देतं आणि झोपी जातं.

शेतात लावलं जाणारं मिसकॅन्थस हा दोन जातींचा नैसर्गिक संकर आहे. १९३५ साली तो जपानच्या योकोहामाहून डेन्मार्कला नेला गेला. गुणसूत्रांचे संच तीन असल्यानं त्याला बी धरत नाही, कांड्यांपासूनच लावावा लागतो. आपलं संकरित नेपिअर तसंच: बाजरीची १४ गुणसूत्रं, नेपिअरची २८, संकरात २१. विषम संख्येमुळं वांझ, म्हणून बेणं कांड्यांचं. वांझपणाचा फायदा असा की गवत बांधाबाहेर तण होऊन पसरत नाही. तोटा असा की सगळं रान एकाच वाणाची नक्कल असतं. ते वाण जिथं कच्चं, तिथं सगळं रान कच्चं.

युरोपात नेमकं हेच झालं. उत्तरेकडच्या देशांत लावणीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मिसकॅन्थसची रोपं मोठ्या संख्येनं मेली. मग कांड्या शीतपेटीत ठेवून, तापमान टप्प्याटप्प्यानं उतरवत, बाहेर काढून लावून पाहिल्या. किती अंशांवर निम्म्या मरतात, हा आकडा. जास्त उतारा देणाऱ्या या संकराचा आकडा निघाला उणे ३.५ अंशांच्या आसपास. त्याच कुळातल्या, कमी उताऱ्याच्या काही वाणांच्या कांड्या उणे ६.५ पर्यंत टिकल्या. दुसऱ्या वर्षापासून कांड्या खोल जातात, शिदोरी वाढते आणि धोका कमी होतो.

अमेरिकेत स्विचग्रास या तिथल्या गवताची गोष्ट याच धाटणीची आहे. दक्षिणेकडची सखल भागातली वाणं, अलामो किंवा कानलो, उंच आणि भरघोस. उत्तरेकडची माळावरची, केव्ह-इन-रॉकसारखी, बुटकी पण काटक. दक्षिणेचं वाण उत्तरेला नेलं की तिथल्या उन्हाळ्याच्या लांब दिवसांमुळं त्याला तुरा उशिरा येतो, ते पालेदारच वाढत राहतं आणि स्थानिक वाणापेक्षा जास्त टन देतं. पण झोपायची वेळ आली तरी ते जागंच असतं. कांड्यांत शिदोरी भरायच्या आत बर्फ पडतो. उतारा आणि टिकाव यांची ओढाताण ती हीच: जे गवत उशिरापर्यंत वाढतं ते जास्त देतं, आणि तेच हिवाळ्यात मरतं. पैदासकार या दोन टोकांच्या मधली वाणं शोधत असतात.

भारतात हे काम उसात शंभर वर्षांपूर्वी झालं, आणि ते फारसं कुणाच्या लक्षात नसतं. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं. उत्तर भारताच्या थंडीत जाड, गोड ऊस तग धरत नव्हता. तिथले शास्त्रज्ञ बार्बर आणि वेंकटरामन यांनी त्याचा संकर नदीकाठी पांढऱ्या तुऱ्यांनी डुलणाऱ्या रानटी कांस गवताशी केला आणि १९१८ साली को २०५ हे वाण शेतकऱ्यांकडं गेलं. काटकपणा आणि खोडवा फुटण्याची ताकद कांसाकडून आली. आज ऊर्जेसाठीचा ऊस म्हणून जगात जे वाण तयार होतात, त्यांत कांसाचा हिस्सा मुद्दाम वाढवलेला असतो. साखर कमी, चोथा जास्त.

मराठवाड्याची गोळाबेरीज

आता आपला हिशेब. पिकाची उष्णता मोजण्याची एक सोपी पद्धत आहे: दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोनानं भागा, त्यातून १० वजा करा. उरेल ती त्या दिवसाची कामाची उष्णता. परभणी-जालना भागाचे ढोबळ आकडे घेऊ. जुलैत कमाल ३१, किमान २३, सरासरी २७, म्हणून रोजची कमाई १७. डिसेंबरात कमाल २९, किमान १२, सरासरी साडेवीस, कमाई साडेदहा. जुलैत ५० दिवसांत कापणीला येणाऱ्या गवताला ८५० इतकी उष्णता मिळालेली असते. तेवढीच डिसेंबरात गोळा व्हायला ८१ दिवस लागतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांची बेरीज १,४५० च्या आत-बाहेर येते. म्हणजे पावणेदोन कापण्या. पावसाळ्याच्या वेगानं तेवढ्या दिवसांत जवळपास अडीच झाल्या असत्या. याला आणखी एक जोड आहे. दिवस लहान झाले की नेपिअरला तुरा येऊ लागतो, पानं कमी आणि खोड कडक होतं. दोन्ही धरून थंडीचं नुकसान वर्षाला एका कापणीचं समजा.

अख्ख्या वर्षाची कमाई सुमारे ६,०००. ८५० नं भागलं तर सात कापण्या. पण ही सात पाणी अखंड असेल तरची गोष्ट आहे. १ मार्च ते जूनचा मध्य या काळाची कमाई एकटी २,२०० च्या घरात, म्हणजे अडीच ते तीन कापण्या. मराठवाड्यात नेमक्या त्याच काळात विहिरी तळ गाठतात. म्हणून माहितीपत्रकातल्या आठांपैकी आपल्या हाती खात्रीच्या चारच लागतात. थंडीनं एक नेली, पाण्यानं तीन.

पाण्याचाही आकडा बघा. सी-४ गवताला एक किलो कोरडा पदार्थ करायला साधारण ३०० लिटर पाणी लागतं. एकरी १५ टन कोरडं हवं तर ४५ लाख लिटर, म्हणजे एकरावर १,१०० मिलीमीटर. पाऊस सरासरी ७५० धरला, त्यातला वाहून आणि उडून जाणारा सोडून ५०० मिलीमीटर गवताच्या कामी आला, तर उरलेले ६०० मिलीमीटर आपण द्यायचे. ते होतात एकरी २४ लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सुमारे २४० टँकर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या भागात गवताला एवढं पाणी द्यायचं की नाही हा शेतीशास्त्रापलीकडचा प्रश्न आहे, पण निदान हा आकडा समोर ठेवून तो विचारावा.

म्हणजे अमेरिकेतली ओढाताण इथं उलटी होते. तिथं हिवाळ्यात झोपणारं गवत टिकतं, इथं उन्हाळ्यात झोपणारं. मारवेल, पवन्या, कुसळी ही आपल्या माळावरची गवतं तेच करतात. नेपिअरच्या मानानं उतारा फारच थोडा, पण मे महिन्यात पाण्याचा थेंब न मागता जिवंत. पडीक मुरमाड माळासाठी वायुप्रकल्पवाला नेपिअर सुचवत असेल तर त्याला खुशाल नाही म्हणा. नेपिअर हे ओलिताचं पीक आहे.

लावणी आणि हिवाळ्याची कापणी

लावणी जून-जुलैत किंवा फेब्रुवारीच्या अखेरीस. नोव्हेंबर ते जानेवारी टाळा. १५ अंशांखालच्या रात्री डोळा फुटायला वेळ लागतो आणि गार, ओल्या काळ्या मातीत तोवर टिपरी कुजते. बेणं तीन-चार महिने वयाच्या खोडाचं, खालच्या दोन-तृतीयांश भागातलं. शेंड्याकडचं कोवळं बेणं वाळून जातं. दोन डोळ्यांची टिपरी, एक डोळा मातीत जाईल अशी तिरकी. ९० बाय ६० सेंटीमीटरवर एकरी साडेसात हजार टिपऱ्या बसतात. तुटाळीसाठी हजारभर जास्त घ्या. वाणांत राहुरीचं फुले जयवंत, धारवाडचं डीएचएन-६, कोइमतूरचं को-४ आणि को-५ ही माहितीतली नावं. ‘सुपर’, ‘स्मार्ट’, ‘किंग’ अशी बिरुदं लावून विकलं जाणारं बेणं नेमकं कोणतं, ते विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

पहिली कापणी ६५-७५ दिवसांनी, त्यापुढच्या कापण्या पावसाळ्यात ४५-५० दिवसांनी. खोड जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर सोडून कापा. ऑक्टोबरच्या कापणीला मात्र २० सेंटीमीटर ठेवा. त्या बुडख्यातली साखर हीच हिवाळ्यातल्या फुटव्यांची शिदोरी असते.

वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय या ऑक्टोबरच्या कापणीचाच. २५ ऑक्टोबरच्या आत ती उरकली, तर नोव्हेंबरच्या उबेत पाला येतो आणि पुढची कापणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळते. हात चालले नाहीत म्हणून ती डिसेंबरच्या मध्यावर गेली, तर ठोंब ऐन थंडीत उघडा पडतो. नवे फुटवे विरळ आणि बारीक येतात, मधल्या मोकळ्या जागेत तण घुसतं आणि पुढचं गवत फेब्रुवारी संपताना हाती येतं. नाहीच जमलं तर डिसेंबरात कापू नका, उभंच राहू द्या. खोड कडक होईल, वायूला कमी उपयोगी, पण बॉयलरला किंवा पेलेटला चालेल.

जाळायचं असेल तर कोवळं गवत वाईटच. त्यात पालाश आणि क्लोरीन जास्त असतं. भट्टीत राख वितळून नळ्यांवर काचेसारखी चिकटते आणि महिन्याभरात बॉयलर बंद ठेवून खरवडावी लागते. उलट वायूला कोवळं, ओलं गवत हवं, कारण लिग्निन (खोड कडक करणारा घटक) वाढलं की जिवाणूंना ते फोडता येत नाही. गिऱ्हाईक कोण, ते लावणीआधी ठरायला हवं, कारण कापणीचं सगळं वेळापत्रक त्यावर बदलतं.

खताचा हिशेब कापणीच्या पद्धतीवर अवलंबून असतो. मिसकॅन्थस वाळल्यावर वर्षातून एकदा कापतात, तोवर नत्र कांड्यांत परत गेलेलं असतं, म्हणून त्याला खत थोडं लागतं. आपण हिरवं कापतो, प्रत्येक कोरड्या टनाबरोबर साधारण १५ किलो नत्र आणि त्याहून जास्त पालाश रानाबाहेर जातं. १२ टन काढले तर १८० किलो नत्र गेलं. प्रकल्पाकडून स्लरी (वायू काढल्यावर उरलेला रबडा) परत मिळणार असेल तर ती करारात टनांनी लिहून घ्या. तोंडी बोलीतली स्लरी सहसा पहिल्या वर्षानंतर येत नाही. नोव्हेंबरनंतर नत्राचा मोठा हप्ता देऊ नका. लुसलुशीत पान थंडीत आधी भाजतं. थंडीची लाट येणार असेल तर संध्याकाळी हलकं पाणी द्या, ओली जमीन रात्री ऊब सोडते. काळ्या रानात मात्र वाफसा मोडेल इतकं नको, गार पाण्यात बसलेली मुळं अन्न उचलत नाहीत.

वायूचा आकडा, आणि हिवाळ्याचा खड्डा

एक टन हिरव्या गवतात २० टक्के कोरडा पदार्थ, म्हणजे २०० किलो. राख सोडून कामाचा भाग १८० किलो. किलोला पाव घनमीटर मिथेन धरला तर ४५ घनमीटर, वजनानं ३२ किलो. विकल्या जाणाऱ्या वायूत थोडा कार्बन डायऑक्साइड राहतो, म्हणून तो ३५ ते ४० किलो भरतो. तेच गवत पावसाळ्यातलं, १२ टक्क्यांचं असेल तर मिथेन १९ किलोच. म्हणून प्रकल्पाशी करार करताना भाव हिरव्या टनावर आहे की कोरड्या पदार्थावर, ते वाचा. हिरव्या टनावर असेल तर पाणीदार गवत देणाऱ्याचा फायदा होतो आणि सहा महिन्यांत प्रकल्प भाव पाडतो. कोरड्या पदार्थावर असेल तर वजनकाट्यावर ओलावा कोण आणि कसा मोजणार हे लिहिलेलं हवं.

प्रकल्पाला गवत रोज लागतं आणि थंडीत दोघेही मंदावतात. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांना माहीत आहे, जानेवारीत शेगडी लवकर विझते. टाकीतल्या जिवाणूंना ३५ ते ३८ अंश हवे असतात. मोठ्या प्रकल्पात टाकी तापवतात, पण डिसेंबर-जानेवारीत रानातून येणारं गवत वाढवता येत नाही. त्यावर इलाज मुरघासाचा, म्हणजे हिरवी कुट्टी हवाबंद दाबून साठवण्याचा, आणि तोही ऑक्टोबरच्या कापणीतून.

नेपिअरचा मुरघास मक्यापेक्षा नाजूक. त्यात साखर कमी आणि पाणी जास्त. तसंच भरलं तर तळाशी रस साचतो आणि आंबूस वासाऐवजी कुजका वास येतो. कापलेलं गवत एक दिवस रानातच सुकू द्या, कोरडा पदार्थ २८-३० टक्क्यांवर आणा. मुठीत कुट्टी दाबून सोडली की गोळा हळूहळू उलगडला पाहिजे आणि हाताला पाणी सुटता कामा नये. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसानं सुकवणं जमलं नाही तर दहा भागांना एक भाग ज्वारीच्या कडब्याची कुट्टी मिसळा. टनामागे १५ ते २० किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडा. दोन-तीन सेंटीमीटरची कुट्टी, वीतभर थर, प्रत्येक थरावर ट्रॅक्टर फिरवून दाब. कडांना टायर पोचत नाही, तिथं पायानं तुडवा, बुरशी नेहमी तिथूनच लागते. चांगला दाब बसला तर घनमीटरला सहाशे-साडेसहाशे किलो मावतं, म्हणजे १०० टनांसाठी दीड मीटर खोल, चार मीटर रुंद आणि सत्तावीस मीटर लांब खड्डा. भरायला घेतला की तीन दिवसांत झाकायचा, आणि वर्ष कुठलंही असो, दिवाळीच्या गडबडीआधी. मजूर सुटीवर गेल्यावर अर्धा उघडा राहिलेला खड्डा जानेवारीत उकरला तर वरचा हातभर थर काळा निघतो.